प्रार्थनेतील खरेपणा

रोज तेच शब्द, तोच क्रम आणि शेवटी तेच 'आमेन'. पाठ झालेली प्रार्थना मनापासून केलेली असू शकते का? मन लागत नसेल, देवाचा राग आला असेल किंवा श्रद्धाच डळमळीत झाली असेल, तरीही प्रार्थना म्हणणे हे ढोंग ठरते का? प्रत्येक श्रद्धावंताला कधी ना कधी पडणाऱ्या या प्रश्नांचा ख्रिस्ती परंपरेने फार बारकाईने विचार केला आहे.

येशूने आपल्या शिष्यांना शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' ख्रिस्ती घरातील मुलांना अक्षरओळख होण्याआधीच पाठ होते. ती म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. मात्र त्या अर्ध्या मिनिटात म्हणणाऱ्याच्या तोंडून दोन अतिशय अवघड गोष्टी निघून जातात. एक म्हणजे, देवाच्या इच्छेप्रमाणे होवो. दुसरी म्हणजे, आम्ही इतरांना जशी क्षमा केली आहे तशी आम्हालाही मिळो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आईला पहिले वाक्य सहज म्हणता येईल काय? वडिलोपार्जित जागेच्या वादातून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या माणसाने दुसरे वाक्य म्हणताना काय करावे? शब्द गाळावा, नुसते ओठ हलवावेत, की मन नसतानाही म्हणून टाकावे?

प्रार्थनेतील प्रामाणिकपणाचा प्रश्न असा अगदी रोजच्या जगण्यातून उभा राहतो. विद्वानांच्या चर्चेपुरता तो कधीच नव्हता.

नट आणि कोठीची खोली

बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेविषयी जे सांगितले आहे, त्याची सुरुवातच ढोंगावरील टीकेने होते. सभास्थानांत आणि रस्त्याच्या कोपऱ्यांवर लोकांनी पाहावे म्हणून उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांसारखे होऊ नका, असे तो बजावतो. मूळ ग्रीक मजकुरात अशा माणसांसाठी जो शब्द आहे, त्याचा जुना अर्थ 'रंगभूमीवरचा नट' असा आहे. मुखवटा चढवून दुसऱ्याचे बोल बोलणारा तो नट. प्रार्थनेत प्रेक्षक शिरला की तिचे नाटक होते, असा या शब्दाचा रोख आहे.

त्यावरचा उपाय म्हणून येशू आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगतो. येथे वापरलेला ग्रीक शब्द धान्य आणि किडूकमिडूक ठेवण्याच्या कोठीच्या खोलीसाठीही वापरला जाई. देवघर किंवा मंदिराचा गाभारा असा पवित्र अर्थ त्या शब्दाला नाही. जेथे कोणी पाहत नाही आणि ज्या जागेला कोणतीही प्रतिष्ठा नाही, अशी ती जागा. पाठोपाठ येशू शब्दांचा पाल्हाळ लावू नका, असेही सांगतो. कारण मागण्याआधीच गरज काय आहे हे देवाला ठाऊक असते.

मग मागायचेच कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. देवाला माहिती पुरवणे हा प्रार्थनेचा हेतू नाही, असे ख्रिस्ती आचार्यांनी त्यावर पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी प्रोबा नावाच्या एका रोमन विधवेला लिहिलेल्या दीर्घ पत्रात संत ऑगस्टीनने याच शंकेचे निरसन केले. मागण्याने माणसाची इच्छा घासूनपुसून निघते आणि जे मिळायचे ते घेण्याइतके मन मोठे होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. याच ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात तरुणपणीच्या एका प्रार्थनेची कबुली दिली आहे. देवाकडे त्याने इंद्रियनिग्रह मागितला होता. पण तो इतक्यात नको, अशी पुस्तीही जोडली होती. स्वतःच्या प्रार्थनेतील ही लबाडी लिहून ठेवणारा माणूस पुढे ख्रिस्ती धर्मविचाराचा आधारस्तंभ ठरला.

परुशी खोटे काय बोलला?

प्रामाणिकपणा म्हणजे केवळ खरी माहिती सांगणे नव्हे, हे लूकच्या शुभवर्तमानातील परुशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्तातून स्पष्ट होते. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परुशी हा धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या प्रतिष्ठित पंथातला. आठवड्यातून दोनदा उपवास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, असे तो देवाला सांगतो. जकातदार हा परकीय रोमन सत्तेसाठी कर वसूल करणारा, म्हणून लोकांच्या तिरस्काराचा धनी. तो दूर उभा राहतो, वर पाहण्याचेही धाडस करत नाही आणि आपण पापी असल्याचे सांगून दया मागतो. देवापुढे नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, असा येशूचा निवाडा आहे.

परुश्याच्या बोलण्यात खोटे असे काही आढळत नाही. तो उपवास करत असेल, दानही देत असेल. त्याची चूक वेगळीच आहे. त्याने स्वतःला मोजण्यासाठी शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराचे माप घेतले. त्याला देवाकडून काही नकोच होते. जकातदाराने स्वतःच्या वाईटपणाचे पाल्हाळ लावलेले नाही, शपथा घेतलेल्या नाहीत, की सुधारण्याचे आश्वासनही दिलेले नाही. आपण कोठे उभे आहोत एवढेच त्याने सांगितले. ख्रिस्ती अर्थाने प्रार्थनेतील खरेपणा म्हणजे हे 'उभे राहण्याचे ठिकाण' न लपवणे होय.

गाऱ्हाणे हीही प्रार्थनाच

देवापुढे केवळ गोड आणि नम्र बोलावे, अशी अनेकांची समजूत असते. बायबलचे प्रार्थनापुस्तक मानली जाणारी स्तोत्रसंहिता उघडली की ती टिकत नाही. दीडशे स्तोत्रांच्या या संग्रहात सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. किती काळ वाट पाहायची, तू तोंड का फिरवलेस, झोपला आहेस काय, असे थेट प्रश्न त्यांत देवाला विचारले आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांनी ते काढून टाकले नाही.

१३७ व्या स्तोत्राच्या अखेरीस तर शत्रूच्या तान्ह्या बालकांविषयी अंगावर काटा आणणारी सूडभावना आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने १९७१ साली सुधारित प्रहरप्रार्थनेचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची तीन स्तोत्रे आणि इतर काही स्तोत्रांतील कठोर ओळी त्यातून वगळण्यात आल्या. त्यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. सूडाचे शब्द उपासनेत शोभत नाहीत, असे एक मत. मनात सूड असेल तर तो शेजाऱ्यावर उगवण्यापेक्षा देवाच्या हवाली करणेच बरे, हे दुसरे.

ईयोबाच्या ग्रंथाचा शेवटही याच दिशेने बोट दाखवतो. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो, तर त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन धार्मिक युक्तिवाद करतात. अखेरीस देव ईयोबाला आधी खडे बोल सुनावतो, पण त्याच्याविषयी खरे बोलला तो ईयोबच, मित्र नव्हेत, असेही सांगतो. एवढेच नव्हे, तर या मित्रांसाठी ईयोबानेच प्रार्थना करावी, असा आदेश होतो.

खुद्द येशूची प्रार्थनाही याला अपवाद नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत हा प्याला टळावा, असे त्याने मागितले. मग तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हटले. मत्तयाच्या वृत्तान्तानुसार ही प्रार्थना तीनदा झाली. आधी स्वतःची इच्छा स्पष्ट सांगणे आणि मग ती सोपवणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. अतिदक्षता विभागाबाहेरच्या आईला परंपरेने दिलेले उत्तर हेच आहे. 'माझे मूल वाचू दे' हे न म्हणताच 'तुझी इच्छा' म्हणण्याची सक्ती तिच्यावर नाही.

तुकोबांचे विठ्ठलाशी झालेले भांडण ज्यांनी वाचले आहे, त्या मराठी वाचकाला हा सूर परका वाटणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी तुकारामांशी असलेले नाते तोडले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. अभंगाच्या घाटात त्यांनी लिहिलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

एका न्हाव्यासाठी लिहिलेले पुस्तक

प्रार्थनेत मन लागत नाही, ही तक्रार साधुसंतांनाही चुकलेली नाही. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मभगिनी अविलाची संत तेरेसा (१५१५-१५८२) हिला १९७० साली कॅथलिक चर्चने 'धर्मपंडित' ही सर्वोच्च मान्यता दिली. आपल्या आत्मचरित्रात ती लिहून जाते की, काही वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच तिचे लक्ष असे; घड्याळाचे टोले ऐकण्यासाठी कान टवकारलेले असत. त्याहून बोलकी आहे ती तिची दुसरी कबुली. आपल्यासारखीने प्रार्थना करणे म्हणजे ढोंग, असे वाटून तिने वर्षभराहून अधिक काळ एकान्तातील प्रार्थना सोडून दिली होती. पुढे तिने यालाच आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी फसगत म्हटले. नम्रतेच्या वेषात आलेला तो मोह होता, असे तिचे निदान आहे.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली प्रार्थना कशी करावी याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले, ते पीटर या आपल्या न्हाव्यासाठी. दाखलाही त्याच्याच धंद्यातला दिला. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर असते; गप्पा मारत इकडेतिकडे पाहू लागला तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळा कापायचा. कामाच्या धबडग्यात आपलेही मन प्रार्थनेला गारठते, हे ल्यूथर मोकळेपणाने मान्य करतो. अशा वेळी तो स्तोत्रांचे पुस्तक घेऊन खोलीत किंवा चर्चमध्ये जाई आणि पाठ असलेले शब्द लहान मुलासारखे म्हणू लागे. म्हणता म्हणता एखाद्या ओळीने मन जागे झाले, तर उरलेले शब्द खुशाल सोडून द्यावेत आणि शांतपणे ऐकावे, असा त्याचा सल्ला आहे.

ठरलेले शब्द की स्वतःचे?

पाठ केलेली प्रार्थना खरी की उत्स्फूर्त, या वादापायी इंग्लंडमध्ये माणसे तुरुंगातही गेली. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चा कर्ता जॉन बन्यन याला १६६० साली परवानगीविना धर्मसभा घेतल्याबद्दल अटक झाली आणि बेडफर्डच्या तुरुंगात त्याने सुमारे बारा वर्षे काढली. न्यायाधीशांपुढे झालेल्या वादात सरकारमान्य प्रार्थनापुस्तकाचाही विषय निघाला. छापील शब्दांनी प्रार्थना करण्याची आज्ञा देवाने कोठेही दिलेली नाही, यावर बन्यन ठाम राहिला. तुरुंगात असतानाच त्याने प्रार्थनेवर पुस्तक लिहिले. अंतःकरण ओतले गेले नाही तर उत्तमोत्तम शब्दही पोकळ, असे त्याचे प्रतिपादन होते.

जवळजवळ तीन शतकांनंतर जर्मन पाद्री डीट्रिश बोनहोफर याने याची दुसरी बाजू मांडली. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनब्युर्क छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. १९४० साली त्याने स्तोत्रसंहितेवर एक पुस्तिका लिहिली होती. मनात दाटून आलेली प्रत्येक भावना म्हणजे प्रार्थना नव्हे, असे तो म्हणतो. मूल जसे आईवडिलांच्या तोंडचे शब्द ऐकून बोलायला शिकते, तसेच देवाशी बोलणे माणसाला शिकावे लागते. केवळ स्वतःच्या मनावर विसंबले तर प्रार्थना आपल्याच लहरीपुरती उरते.

वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. मात्र दोघांचा शत्रू एकच आहे. बन्यनला शब्दांमागे दडून बसणे नको होते, तर बोनहोफरला भावनांमागे. पाठ शब्द आणि उत्स्फूर्त शब्द, दोन्हींचा मुखवटा होऊ शकतो, हे ओळखून आज अनेक पंथ दोहोंना जागा देतात.

मायबोलीत देवाशी

न कळणाऱ्या भाषेत मन उघडे कसे करायचे, हाही प्रामाणिकपणाचाच प्रश्न आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' हा त्या दिशेचा मोठा प्रयत्न होता. तरी कॅथलिक उपासनेची भाषा शतकानुशतके लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केल्यावर लोकभाषांना दार उघडले आणि मिस्सा मराठीत होऊ लागली.

केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात घालवली. अल्पशिक्षित बायकांनाही ते समजावे, हा त्यांचा आग्रह होता. बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या काळाविषयी त्यांनी १९०७ सालच्या आत्मकथनात केलेली कबुली त्यांच्या स्वभावाला साजेशीच आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला पुढे काही वर्षे जावी लागली, असे त्या सांगतात. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल'द्वारे हीच वाट पुढे नेली. या अनुवादाला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

उत्तर आलेच नाही तर?

खरेपणाची सर्वांत कठीण कसोटी लागते ती देवाकडून काहीच प्रतिसाद जाणवत नाही तेव्हा. मदर तेरेसा यांच्या निधनाला दहा वर्षे होत असताना २००७ साली त्यांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि जगभर खळबळ उडाली. कोलकात्यातील सेवाकार्य सुरू झाले त्या सुमारापासून जवळपास पन्नास वर्षे, मधला एक अल्पकाळ वगळता, त्यांना देवाचे अस्तित्व जाणवतच नव्हते, असे त्या पत्रांतून दिसले. ही पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची इच्छा होती. मग हसरा चेहरा हे ढोंग होते का, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. कधी कधी हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला होता, हेही त्याच पत्रांत आहे.

विशेष म्हणजे, ही तक्रार त्यांनी ज्या शब्दांत केली त्यांतील काही मजकूर थेट येशूला उद्देशून आहे. जो जाणवत नाही, त्यालाच त्या तो जाणवत नसल्याचे सांगत होत्या. पुण्यात अनेक वर्षे धर्मशास्त्र शिकवणारे ऑस्ट्रियन येशूसंघीय फादर योसेफ नॉयनर यांच्याशी १९६१ च्या सुमारास त्यांचा संवाद झाला. हा अंधार म्हणजे शिक्षा नसून त्यांच्या कार्याचाच भाग आहे, असे नॉयनर यांनी त्यांना समजावले. त्यानंतर अंधार गेला नाही, पण त्याच्याशी असलेले त्यांचे भांडण मिटले. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद जाहीर करताना चर्चपुढे ही सारी पत्रे होती. त्यांचा अडसर झाला नाही.

इंग्रज लेखक सी. एस. लुईस यांनी १९६० साली पत्नी गेल्यानंतर लिहिलेल्या टिपणांत देवाचे दार तोंडावर आपटल्याची भावना मांडली आहे. श्रद्धेचा कैवारी म्हणून ख्यातनाम असलेल्या या लेखकाने ते पुस्तक १९६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध केले.

खरी परीक्षा नंतरची

प्रार्थना प्रामाणिक होती की नाही हे ठरते ते बहुधा ती संपल्यावर. वेदीवर अर्पण आणले असताना भावाचे मन दुखावले असल्याचे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. याकोबाच्या पत्रात उपाशी माणसाला काही न देता नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांचा समाचार घेतला आहे.

यासाठी एक साधी सवय येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिली. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात दिवसाच्या झाडाझडतीच्या पाच पायऱ्या आहेत. मिळाले त्याबद्दल आभार मानायचे, स्वतःकडे नीट पाहण्यासाठी प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने तपासायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. पंधरा मिनिटांत होणारी ही साधना आज अन्य पंथांतील अनेक जणही करतात. आज आपण कोणाशी काय बोललो, हे आठवावे लागत असल्याने मोठमोठ्या शब्दांना तिच्यात फारसा वाव राहत नाही.

भावाशी अबोला धरलेल्या माणसाचा प्रश्न मात्र उरतोच. क्षमेचे वाक्य त्याने गाळावे काय? मार्कच्या शुभवर्तमानातील आजारी मुलाच्या बापाने या पेचातून वाट काढली आहे. आपला विश्वास आहे, असे तो येशूला सांगतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासाला मदत करण्याची विनवणी करतो. त्याची प्रार्थना अर्धवट होती, तरी मुलगा बरा झाला. हाच धागा धरला तर, क्षमा करता येत नाही हेही देवाला सांगता येते आणि ती करण्याची इच्छा तरी दे, एवढे मागता येते. ते वाक्य न गाळता, दर वेळी थोडे अडखळत म्हणत राहावे आणि एखाद्या दिवशी भावाला फोन लावावा, इतकीच या परंपरेची अपेक्षा दिसते.